भीमेकाठच्या तळ्यावर आवाज मोजताना

आवाज मोजण्याचं काम करणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. कारण अगदी साधं आहे. यंत्र चालू असलं की आपण तोंड उघडायचं नसतं, आणि आपल्याकडे गप्प बसलेला माणूस दिसला की लोकांना त्याच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. मी इतकी वर्षं नुसतं ऐकत आले. मधे 'हो का' म्हणायचीसुद्धा सोय नाही, त्यामुळे सांगणाऱ्याला वाटतं, बाई अगदी मन लावून ऐकतायत. मग तो आणखी सांगतो.

मी मूळची घोडनदीची. बाहेरचे लोक शिरूर म्हणतात. फिजिक्स शिकले आणि पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत लागले. कारखाने, रस्ते, खाणी, जिथे आवाज होतो तिथे जाऊन तो मोजायचा आणि कमी कसा करायचा ते सांगायचं, हे आमचं काम. आई शेजारणींना सांगायची, "ती आवाजाच्या खात्यात आहे." त्यामुळे आळीतल्या निम्म्या लोकांची समजूत अशी की मी रेडिओवर गाते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भीमेच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. दौंडच्या बाजूला एका गावाजवळ नदीचं जुनं वळण तुटून त्याचं तळं झालेलं होतं. गाळ, जलपर्णी आणि वेड्या बाभळी यांनी ते पार बुजत आलेलं. गावच्या विहिरी आटत चाललेल्या, मासे गेलेले, पक्षी थोडेच उरलेले. ते तळं पुन्हा जिवंत करायचं काम निघालं. पण त्यासाठी लागणार पोकलेन, डंपर आणि डिझेलचे पंप. म्हणजे शांत जागा वाचवायची तर आधी तिथे महिनोन्महिने धडधडाट करायचा. तो धडधडाट माणसांना आणि पक्ष्यांना सोसेल इतका ठेवायचा, म्हणून मला पाठवलं. नाही जमलं तर काम बंद पाडू, असं ग्रामसभेत लोकांनी आधीच सांगून टाकलं होतं.

*

काम सुरू व्हायच्या आधी गावाचा नेहमीचा आवाज मोजून ठेवावा लागतो. म्हणजे नंतर किती वाढला ते कळतं. मी तळ्याच्या कडेला तिकाटणं उभं केलं, वर यंत्र बसवलं. यंत्राच्या टोकाला स्पंजचा काळा गोळा असतो. तो बघायला माणसं जमली. सगळ्यांत पुढे आप्पा. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचा शब्द गावात चालायचा.

"काय मोजताय बाई?"

"आवाज."

"कुणाचा?"

"आत्ता कुणाचाच नाही. काम अजून सुरू झालं नाही ना."

आप्पांनी जरा विचार केला. "म्हंजी जो आवाज न्हाई, त्यो मोजताय."

"तसंच म्हणा."

"आन् पगार मिळतो?"

"मिळतो की."

आप्पा मागे वळून मंडळींना म्हणाले, "बघा. शिकायला पायजे व्हतं."

मग मी म्हटलं, आता यंत्र चालू करते, जरा बोलू नका. एवढं सांगून मी कामाला लागले. सकाळभर मोजलं. आकडे इतके कमी येत होते की मला यंत्राचीच शंका आली. एवढं मोठं गाव, आणि कुत्रंसुद्धा भुंकत नाही. दुपारी कळलं, आप्पांनी पिठाची गिरणी बंद ठेवायला लावली होती, ट्रॅक्टर वेशीवर थांबवले होते आणि देवळातल्या भजनी मंडळाला घरी पाठवलं होतं.

मी म्हटलं, "आप्पा, उद्या परत मोजावं लागेल. उद्या सगळ्यांना नेहमीसारखा आवाज करू द्या."

आप्पा गंभीरपणे म्हणाले, "करू की. नेहमीसारखा म्हंजी भांडणासकट?"

*

काम सुरू झालं. पहिली तक्रार आली ती गावातून नाही, नदीपलीकडून. तिथल्या शाळेचे गुरुजी होडीत बसून आले. आमचे साइट इंजिनियर जाधवसाहेब त्यांना म्हणाले, "गुरुजी, आमचं काम दौंड तालुक्यात आहे. तुमची शाळा शिरूर तालुक्यात."

"ते मला माहीतंय साहेब," गुरुजी म्हणाले, "पण तुमच्या आवाजाला माहीत न्हाई."

खरंच होतं. पाण्यावरून आवाज लांब जातो. मधे घर नाही, झाड नाही, अडवायला काहीच नाही. मी त्यांच्याबरोबर होडीतून गेले आणि शाळेच्या व्हरांड्यात यंत्र लावलं. पोकलेनची घरघर तिथे फारशी येत नव्हती. पण ओला गाळ बकेटला चिकटून बसायचा, तो पडावा म्हणून ऑपरेटर बकेट डंपरच्या कडेवर आपटायचा. तो 'धाड' असा आवाज थेट वर्गात यायचा. मुलं पाढे म्हणत होती. "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, धाड, बारा त्रिक छत्तीस." ती थांबतसुद्धा नव्हती. त्यांनी धाड पाढ्यातच धरला होता.

पोकलेनवर लखन होता, झारखंडचा. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, नहीं ठोकेंगे तो मिट्टी गिरेगी नहीं." मग यवतच्या गॅरेजवाल्या शब्बीरभाईंना बोलावलं. ते राहायचे याच गावात, रोज राजदूत मोटरसायकलवरून यवतला जायचे. त्यांनी कुठूनतरी साखर कारखान्याचा जुना रबरी पट्टा आणला, डंपरच्या आत आणि कडांवर बोल्टनं बसवला. आणि गुरुजींनी सांगितलेल्या गणिताच्या तासाला लखन लांबच्या टोकाला जाऊन खोदायला लागला.

धाड गेला. महिन्याभरानं गुरुजी बाजारात भेटले. मी विचारलं, "आता बरं आहे ना?"

"आवाज पार गेला. तुमचे लई उपकार," ते म्हणाले. मग हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाले, "पण पाढ्यातला जाईना. काल शाळा तपासायला मोठे साहेब आले व्हते. त्यांच्यापुढं सगळा वर्ग एका सुरात 'धाड' म्हणाला."

*

त्या काळात गाड्यांना मागे घेताना वाजणारे हॉर्न असायचे, गाण्याच्या चालीवर. आमच्या एका डंपरचा हॉर्न आरतीच्या चालीवर होता. डंपर दिवसभर मागे-पुढे व्हायचे, म्हणजे दिवसभर आरती. लोक कंटाळले. ड्रायव्हर म्हणाले, हॉर्न काढला तर मागे माणूस असला तरी कळणार नाही. तेही बरोबर होतं.

मी म्हटलं, गाडी मागे घ्यावीच लागू नये असा रस्ता करू. एका बाजूनं आत, गाळ भरून दुसऱ्या बाजूनं बाहेर. पण गोल रस्त्याला आप्पांच्या शेताचा कोपरा लागत होता. मी भीत भीत विचारलं. आप्पा म्हणाले, "त्या कोपऱ्यात तसंही काय येत न्हाई. घ्या." नंतर त्यांच्या गड्याकडून कळलं, त्या कोपऱ्यात त्यांनी नुकताच लसूण लावला होता.

रस्ता झाला, आरती थांबली. मी खुशीत होते. संध्याकाळी तळ्याकाठून जाताना आप्पांच्या आईनं मला हाक मारली. म्हातारी ओट्यावर बसलेली, नजर अगदी कमी झालेली.

"पोरी, त्या देवाच्या गाडीचं काय झालं गं?"

"कुठली गाडी, आजी?"

"ती येऊन आरती म्हणायची न्हवं? मी दर टायमाला हात जोडत व्हते. आज दिसभर एकदा पण आली न्हाई. देवाला राग आला का काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्या डंपरचा ड्रायव्हर सकाळी काम सुरू करायच्या आधी ओट्यासमोर गाडी उभी करायचा, एकदाच मागे घ्यायचा, आणि मग तळ्यावर जायचा. त्याला कुणी सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. मी तर नव्हतं सांगितलं.

*

तळ्यातलं साचलेलं पाणी उपसायला मोठा डिझेल पंप लावला होता. त्याच्या धुराड्याचं तोंड गावाच्या वस्तीकडे. आडोसा करायला मातीच्या गोण्या मागवल्या होत्या, त्या वेळेवर आल्या नाहीत. इकडे ग्रामसभेतली मंडळी रोज जाधवसाहेबांना विचारायला लागली, "काम बंद करताय का आम्ही करू?"

तेव्हा आप्पांनी आपल्या गंजीतला कडबा गाड्यातून पाठवला. ते साल पावसानं दगा दिलेलं. चाऱ्याची गावोगाव टंचाई होती. मी म्हटलं, "आप्पा, हा जनावरांच्या तोंडचा घास आहे."

"भिंत म्हणून ठिवा. काम झालं की परत न्यायचाय. खराब थोडाच व्हणारे?"

ठिणगी उडून पेटू नये म्हणून पंपापासून अंतर सोडून आम्ही कडब्याच्या पेंढ्यांची उंच भिंत रचली, वस्तीच्या बाजूनं ओल्या गाळानं लिंपली. आवाज चांगला कमी झाला. ग्रामसभा थंडावली. मी समाधानानं पुण्याला दोन दिवस ऑफिसच्या कामाला गेले.

परत आले तर आवाज पुन्हा वाढलेला. यंत्र तपासलं, पंप तपासला, सगळं ठीक. मग जाधवसाहेब मला भिंतीपाशी घेऊन गेले. भिंत माझ्या कमरेइतकी उरली होती आणि पंपाच्या बाजूनं गावातल्या म्हशी रांगेत उभ्या राहून ती शांतपणे खात होत्या. पंपाच्या धडधडीचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

पुण्याच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "आडोसा का कमी झाला?"

मी म्हटलं, "सर, खाल्ला."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "कोणत्या कॉन्ट्रॅक्टरनं?"

कडब्याचं काय करायचं ते विचारायला मी आप्पांकडे गेले. ते म्हणाले, "न्हाईतरी त्येंनाच घालायचा व्हता. गावाच्या म्हशी जगल्या त्यावर, आनखी काय पायजे?" पुढे गाळमातीचा पक्का बांध घातला, तो कुणी खाल्ला नाही.

*

तळ्याच्या मधे एक उंचवटा, त्यावर जुन्या बाभळी. तिथे रंगीत करकोच्यांची घरटी होती, त्यात पिल्लं. पिल्लं उडून जाईपर्यंत त्या बाजूला मशिन न्यायचं नाही, असं मी सांगितलं. जाधवसाहेब भडकले. पावसाच्या आधी गाळ काढून झाला नाही तर सगळं काम फुकट जाणार होतं, आणि त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागणार होतं.

"बाई, ती पिल्लं किती दिवसांत उडतील?"

"त्यांच्या मनात येईल तेव्हा."

ते तणतणत निघून गेले. पण लखनला लांबच्या टोकाला पाठवलं आणि रोज सकाळी दुर्बीण घेऊन स्वतः बांधावर बसायला लागले. आधी रागानं बसायचे. "ते बघा, नुसतं खातंय. उडायचं नाव नाही." मग हळूहळू त्यांचा सूर बदलला. "आज डावीकडच्या घरट्यातलं दोनदा पंख मारून बघत होतं." एकदा कावळे घिरट्या घालायला लागले, तेव्हा साहेब बांधावर उभे राहून टोपी हलवत होते. आवाज करायचा नाही हे त्यांनी तेव्हाही पाळलं.

एकेक पिल्लू उडालं. शेवटी एकच उरलं. साहेब त्याला 'आळशी' म्हणायचे. एका सकाळी 'आळशी'सुद्धा उडून गेलं. लखननं पोकलेन उंचवट्याजवळ आणून उभं केलं, इंजिन सुरू करायला हात घातला आणि विचारलं, "साहब, चालू करूँ?"

जाधवसाहेब दुर्बीण डोळ्यांना लावून रिकाम्या घरट्याकडे बघत होते. म्हणाले, "थांब जरा. काही विसरलं असेल तर परत येईल."

*

आता हा शेवटचा किस्सा. या माणसांनी मला किती सांभाळून घेतलं ते मी लोकांना सांगायला लागले की नेहमी इथेच येऊन पोचते.

पंपाच्या सगळ्यांत जवळचं घर शब्बीरभाईंचं. घराची मागची भिंत आणि पंपाचा चौथरा यांच्यात थोडंसंच अंतर. तिथे आवाज सर्वांत जास्त, म्हणून मी तिथे जास्त बसायची. शब्बीरभाईंच्या पत्नी, जुबेदाभाभी, मला कधी उन्हात बसू द्यायच्या नाहीत. खाट सावलीला ओढून द्यायच्या, भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढे ठेवायच्या. मी बोलू शकत नसे, त्या खुणेनंच 'आणखी?' विचारायच्या.

घरात शब्बीरभाईंचे वडील होते. सगळं गाव त्यांना ड्रायव्हरचाचा म्हणायचं. उभं आयुष्य दौंडहून आधी मालगाड्या, मग पॅसेंजर गाड्या चालवल्या. इंजिनाच्या आवाजानं कान गेलेले, आणि म्हातारपणी आठवणही घसरत चाललेली. कधी सुनेला ओळखायचे, कधी नाही. पंपाच्या आवाजाचा त्यांना त्रास नाही, असं मी धरूनच चालले होते. ज्याला ऐकूच येत नाही त्याला कसला त्रास?

बांध झाला. शब्बीरभाईंनी पंपाला नवा सायलेन्सर बसवला आणि चौथऱ्यावर पंपाखाली रबराच्या जाड गाद्या घातल्या, म्हणजे हादरा जमिनीत उतरू नये. अंगणातला आकडा इतका खाली आला की शब्बीरभाईंनी तो बायकोला बोलावून दाखवला.

दोन-तीन दिवसांनी जुबेदाभाभी माझ्याकडे आल्या. ओशाळून उभ्या राहिल्या. "ताई, तुम्ही एवढं केलं, सांगायला बरं वाटत न्हाई. पर अब्बा झोपंनात. दुपारी पडतात, लगेच उठतात. दाराशी जाऊन बघतात. म्हंतात, सिग्नल मिळंना का?"

मी घरात गेले. चाचा खाटेवर बसले होते. खाट मागच्या भिंतीला लावलेली. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला होता, आणि जागा बदलून बदलून पुन्हा ठेवत होते, जसं डॉक्टर नाडी शोधतात. भाभी म्हणाल्या, "पयले असा हात ठिवला की झोपायचे."

मी माझा हात भिंतीला लावला. भिंत गार आणि मुकी होती.

मी बाहेर येऊन शब्बीरभाईंना म्हटलं, "पंपाखालच्या गाद्या काढा."

त्यांना आधी कळेना. मग कळलं. ते पाना घेऊन बसले. बांध आणि सायलेन्सर होतेच, त्यामुळे गावाला आवाज वाढला नाही. फक्त त्या एका भिंतीत पुन्हा बारीक थरथर सुरू झाली. चाचांनी तळहात भिंतीला टेकवला, तसाच ठेवला आणि डोळे मिटले. जाधवसाहेबांना मी सांगितलं, की गाद्या काढल्यात. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर केलंत." एवढंच. मोजमापाच्या कामात इतकं मोठ्या मनाचं उत्तर मला आधी कधी मिळालं नव्हतं.

काम पावसाच्या आधी संपलं. नदीची जुनी वाट मोकळी झाली, पंपाची गरज उरली नाही. तो बंद करायचा दिवस ठरला आणि भाभींचा चेहरा उतरला. मधे एकदा डिझेल संपून पंप एकदम थांबला होता, तेव्हा चाचा घाबरून उठले होते, अनवाणी बाहेर पडून शेताच्या बांधावर पडले होते.

लखननं हे ऐकलं होतं. तो म्हणाला, "मैं बंद करूँगा. धीरे-धीरे."

दुपार कलली होती. लखन पंपापाशी बसला. शब्बीरभाई अंगणाच्या कोपऱ्यात, दोन्हीकडे दिसेल असे. जाधवसाहेब आणि आप्पा दारात. मी आणि भाभी खाटेजवळ. यंत्र मी आणलंच नव्हतं. चाचा आडवे झाले होते, हात भिंतीवर.

शब्बीरभाईंनी हात वर केला. लखननं वेग जरासा उतरवला आणि तसाच राहू दिला. मग आणखी जरा. भिंतीतली थरथर संथ होत गेली. चाचांचे डोळे उघडले. त्यांनी हात काढला नाही. बाहेर लखन घाई करत नव्हता. एकेक ठोका वेगळा कळायला लागला, मग दोन ठोक्यांच्या मधे जागा पडायला लागली, आणि मग शेवटचा ठोका आला आणि काहीच उरलं नाही.

भाभींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

चाचा सावकाश उठून बसले. पायानं चपला चाचपल्या, घातल्या. अंगावरची चादर नीट घडी करून काखेत घेतली. मग आमच्याकडे, दारातल्या आप्पांकडे आणि साहेबांकडे पाहिलं, आणि हात पुढे करून म्हणाले,

"उतरा. सावकाश उतरा, घाई न्हाई. दौंड आलं."